उष्टा दगड

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र माझ्याच नावाने आलं होतं. अक्षर मोठं आणि उजवीकडे झुकलेलं, वाऱ्यात चालणाऱ्या माणसासारखं. आलं त्याच दुपारी मी ते ओसरीवर बसून बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पलीकडच्या डोंगरात आता यंत्राने खोल भोकं पाडायची आहेत, भोकातून दगडाच्या लांब कांड्या निघतात, त्या धुऊन पेट्यांमध्ये ओळीने लावायला माणूस हवा. वहिनींचा हात त्या कामाला बसलेला आहे. हिवाळाभर त्या येतील का? झोपायची सोय स्वयंपाकाच्या बाईंच्या खोलीत होईल. कळवावे. शेवटी मास्तरांना नमस्कार. नमस्कार तेवढा मला, बाकीचं सगळं पत्र तिला.

ती माती वाहायच्या फाटक्या पाटीला दोरी ओवत होती. वाचून झालं तरी तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुम्हीच लिहा काय ते."

'काय ते' म्हणजे काय, हे मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. आयुष्यभर मी शाळेत मुलांना प्रश्न विचारत आलो, पण घरात प्रश्न विचारायचा म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पत्र घडी करून मी कपाटात, पुस्तकांच्या मागे ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं.

हे सगळं दरड कोसळली तिथून सुरू झालं.

आमचं घर रानाच्या कडेला आहे. घरामागे उतारावर शेताच्या पायऱ्या, त्यांच्यावर दाट झाडी, आणि झाडीच्या वर पुन्हा झाडीच. शेत बायको बघायची. मी शाळेतून मोकळा झाल्यापासून वाचत बसायचो. शेजारी तिचा धाकटा भाऊ राहतो. खणायच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि थट्टेच्या कामातही. त्या वर्षी पाऊस थांबता थांबेना. एका दुपारी डोंगराने खांदा झटकावा तसा वरचा कडा खाली आला. माणूस कोणी गेलं नाही, पण आमच्या आणि मेहुण्याच्या शेताच्या सगळ्या पायऱ्या दगडमातीखाली गाडल्या गेल्या. पेरणीचं नाव काढायला जागा उरली नाही. चिखल वाळला तेव्हा दरडीच्या ओल्या जखमेत हिरवे ओघळ दिसले, जुन्या भांड्याच्या तळाला चढतात तसे.

ते बघायला तो आला, पुढे ज्याचं ते पत्र आलं तोच. डोंगरात धातू शोधणं हे त्याचं काम. लोक त्याला हातोडेवाला म्हणत, कारण हातोडा त्याच्या कमरेला जेवतानाही लटकलेला असे. बुटका, मान जाड, कान उन्हाने सोललेले, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, असं त्याने न विचारता सांगितलं. दिसायला तो माझ्याहून बरा असता तर एक वेळ मी समजून घेतलं असतं.

आमच्या घरात कोरडी अशी माझी पुस्तकांची खोलीच होती, म्हणून तिथे त्याची खाट पडली. मला मनातून आनंदच झाला होता. शिकलेला माणूस घरात राहायला येणार, संध्याकाळी चार गोष्टी बोलता येतील. मी दोन दिवस खपून डोंगर कसे घडतात यावरचं एक जुनं पुस्तक पुन्हा वाचून काढलं आणि त्याला विचारायला प्रश्न तयार ठेवले. पहिल्या संध्याकाळी त्याने माझा पहिला प्रश्न नीट ऐकून घेतला, फार सभ्यपणे उत्तर दिलं, आणि ओसरीवर जाऊन मेहुण्याशी पत्ते खेळत बसला. बाकीचे प्रश्न माझ्याजवळच राहिले.

मी म्हणालो होतो, हिरवं इथे आहे, तर तांबंही इथेच, आमच्या पायऱ्यांखाली असणार. तो हसला नाही. म्हणाला, मास्तर, हिरवं म्हणजे तांब्याचा गंज. पावसाचं पाणी वर कुठेतरी तांब्याच्या दगडातून मुरतं, गंज विरघळवून घेतं, आणि खाली येऊन सांडतं. हिरवं दिसलं की समजावं, तांबं इथून गेलंय. त्याचं घर वर आहे.

मग घर शोधायचं काम निघालं. शेत गेलेलं, हाताला काम नाही, म्हणून वाडीतले सगळेच लागले. मेहुणा टिकावावर, त्याच्यासोबत दोघेतिघे पहारीवर, बायका माती वाहायला. बायको पहिल्याच दिवशी पदर खोचून गेली. मला गुडघ्यांमुळे खणता येईना. हातोडेवाल्याने मला बोलावून घेतलं, मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे, पिशव्यांवर आकडे घाला म्हणाला. मला वाटलं, मान दिला. मेहुणा खालून ओरडला, "भाऊजी, शाळा सुटली नाही अजून तुमची." सगळे हसले. बायकोही हसली. तिचं हसणं मी वेगळं ऐकलं.

रानात दगड दिसत नाही. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा, त्याखाली काळी भुसभुशीत माती, त्याखाली मुळ्यांचं जाळं, आणि मग कुठे पिवळा मुरूम. उतारावर आडवे चर खणत वर जायचं. मुळ्या तोडताना कुऱ्हाडीचा दांडा हातात झिणझिणायचा. ओल्या मातीच्या पाट्या बायका डोक्यावरून खाली उतरवायच्या, आणि चिखलाचा एक ओघळ कानामागून मानेवर उतरायचा. बायकोच्या मानेवर तो दिवसभर वाळायचा. संध्याकाळी ती मान वळवायची तेव्हा मातीची खपली पडायची. ती ते कोणाला दाखवत नव्हती, पण हातोडेवाला समोर असला की मला वाटायचं, तिने मान जरा कमी वळवावी.

हिरवं धरून वर जात जात आम्ही एका खुरटलेल्या जागी पोचलो. सगळं रान अंगापिंडाने भरलेलं, आणि मध्येच हा अंगणाएवढा तुकडा, जिथे झाडं कमरेच्या वर वाढलेली नाहीत. तिथलं सरपण धड जळत नाही म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. हातोडेवाला त्या जागेभोवती मांजरासारखा फिरला. मुळांना तांबं लागलं की झाड मोठं होत नाही, म्हणाला. तिथे चर घेतला तर आधी गंजक्या रंगाचा, मधाच्या पोळ्यासारखा पोकळ दगड लागला. हातात घेतला की हलका, आणि बोटं तांबडी करणारा. त्याच्याखाली पांढरा, कडक, काचेसारखा दगड. त्याला तो शीर म्हणायचा. डोंगराच्या अंगातली शीर. दोन्ही बाजूंना पानांच्या गठ्ठ्यासारखा फुटणारा करडा खडक, आणि मध्ये ती तिरपी उतरत गेलेली.

"हीच," एवढंच तो म्हणाला, आणि त्याने हातोड्याने एक ढलपी पाडली, बाहीला पुसली, आणि चाटली.

आम्ही सगळे बघत राहिलो. मेहुणा म्हणाला, मीठ कमी आहे का साहेब? त्याने समजावलं की ओला दगड खरं बोलतो. कोरड्या दगडावर धूळ असते, सगळे कण एकसारखे दिसतात. पाणी ओतलं तर ओघळून जातं. जिभेने हवा तेवढाच ओला होतो. मग तो उन्हाकडे धरायचा आणि बघायचं. त्याने बघितलं. माझी बायको त्याच्या कोपरापाशी उभी होती. त्याने ढलपी तिच्या हातात दिली, बघा वहिनी, पितळेसारखे कण दिसतात का? तिने बघितलं. तोवर दगड उन्हाने सुकला होता. तिला दिसेना. आणि मग तिने, काही विचार न करता, तीच ढलपी, तीच बाजू, स्वतः चाटली.

"दिसलं," ती म्हणाली.

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. आमच्या घरात उष्टं फार जपलं जातं असं नाही. माझ्या कपातला उरलेला चहा ती पिते, तिच्या ताटातलं उरलेलं मी संपवतो. लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी मी तिच्या ताटातला पहिला घास उचलला होता, आणि तिने मान खाली घातली होती, ते मला आठवतं. त्या घासाला एवढे दिवस लागले होते. आणि इथे भर चरात, सगळ्यांसमोर, परक्या माणसाच्या तोंडातला दगड तिच्या तोंडात गेला, आणि कोणाच्या कपाळाला आठीही पडली नाही. मेहुण्याने तर टिकाव पुन्हा उचललासुद्धा.

त्या दिवसापासून मी दगड मोजत नव्हतो, जिभा मोजत होतो.

तिला त्याचा नाद लागला. चराची भिंत झाडूने साफ करायची, पाण्याचा हबका मारायचा, आणि ढलपी पाडून चाटायची. बऱ्याचदा ती चुकायची. पिवळ्या अभ्रकालाच तांबं समजून हाका मारायची, मग हातोडेवाला येऊन ढलपी घ्यायचा, चाटायचा, मान हलवायचा. ती परत घ्यायची. एकदा तिच्या सांगण्यावरून वरच्या अंगाला एक आख्खा चर खणला, त्यात मुळ्या आणि मुरूम याशिवाय काही निघालं नाही. मेहुणा आठवडाभर त्या चराला ताईची विहीर म्हणत होता. ती सगळ्यांबरोबर हसली. मी मात्र त्या चराकडे बघून सुखावलो, आणि सुखावलो म्हणून दिवसभर स्वतःवर चिडलो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आधी तो तिच्याविषयी बोलताना 'मास्तरांच्या घरच्या' म्हणायचा. मग 'वहिनी' म्हणायला लागला. आणि मग काहीच म्हणेना. नुसतं 'हे बघा' म्हणायचा, आणि ती वळायची. ज्याला हाक मारावी लागत नाही ते माणूस किती जवळ आलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. मी तिला कधीच हाक मारत नाही.

संध्याकाळी ती दमून भिंतीला टेकून बसायची. मी पुस्तक उघडून तिच्याकडे बघायचो. पान उलटायचो, म्हणजे वाचतोय असं वाटावं. तिच्या ओठांच्या कोपऱ्याला दगडाची करडी रेघ असायची. एकदा मी म्हणालो, तोंड धू. ती म्हणाली, धुतलंय. मी म्हणालो, नीट धू. ती माझ्याकडे बघत राहिली, मग उठून गेली, आणि पुष्कळ वेळ मोरीत पाण्याचा आवाज येत राहिला. मग ती बाहेर आली ती सरळ ओसरीवर, जिथे दोघे पत्ते पिसत होते. मला खोलीतून तिचं हसू ऐकू आलं. पत्त्यांत काय हसण्यासारखं असतं, मला माहीत नाही. मला पत्ते येत नाहीत.

शीर सापडल्यावर तिच्यातून आडवी खाच कापायची होती, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सारख्या खोलीची. हातभर खाच झाली की तिचा चुरा एका पिशवीत. पिशवीवर आकडा, आणि तोच आकडा माझ्या कागदावरच्या चित्रात, जिथली पिशवी तिथे. मग चुरा दूर शहरात जायचा, आणि कुठे किती तांबं आहे ते कळायचं. शीर कुठे फुगते, कुठे निमुळती होते, हे त्यावरूनच ठरणार होतं. छिन्नी धरायला बायको, घण मारायला मेहुणा. छिन्नी धरणाऱ्याच्या हातात प्रत्येक घाव उतरतो. तिने हाताला फडकं गुंडाळलं होतं. पायाखाली जागा बरी म्हणून त्यांनी उजव्या टोकापासून सुरुवात केली.

मी समोर खोक्यावर बसून लिहीत होतो. पहिली पिशवी आली, मी तिच्यावर एक घातला, आणि कागदावर एक मांडला तो डाव्या टोकाला. पुस्तकाचं पान जिथून सुरू होतं तिथून. दुसरी आली, दोन त्याच्या शेजारी. असा मी डावीकडून उजवीकडे वाचत चाललो आणि ते उजवीकडून डावीकडे कापत चालले. एरवी हे माझ्या ध्यानात आलं असतं. पण हातोडेवाला मध्ये बसला होता, आणि घण थांबला की ढलपी त्याच्याकडून तिच्याकडे जात होती. अर्ध्यात कधीतरी मला काहीतरी चुकतंय असं जाणवलं, आणि घाबरून मी पुढच्या पिशव्यांवर आणि कागदावर आकडे शेवटाकडून उलटे घालायला लागलो. त्यामुळे जे नुसतं आरशासारखं उलटं होतं ते आता धड उलटंही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हातोडेवाल्याने कागद पिशव्यांच्या शेजारी ठेवून बघितला. एकेक पिशवी उघडून आतला चुरा बघितला. मग अगदी हळू म्हणाला की शीर समोर मध्यावर दिसते आहे, आणि मास्तरांच्या कागदावर तिचे दोन तुकडे झाले आहेत, एक मध्ये आणि एक कडेला. कोणती पिशवी कुठली, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. त्याने सगळ्या पिशव्या उलट्या करून ओतून टाकल्या. खाच परत कापायची होती, आधीच्या खाचेच्या खाली, नव्याने. मला तो रागावला असता तर बरं झालं असतं. "होतं असं मास्तर," तो म्हणाला, आणि खोका उचलून उजव्या टोकाला ठेवला, मी तिथे बसावं म्हणून. दुसरीतल्या मुलाला हाताला धरून बाकावर बसवावं तसं.

मेहुण्याने घण खाली टाकला आणि कंबर धरून बसला. पहिल्यांदाच त्याने काही थट्टा केली नाही.

बायकोने हाताचं फडकं सोडलं. तळहाताचे फोड फुटून लाल झाले होते. तिने ते मला दाखवले नाहीत, फक्त फडकं झटकलं आणि पुन्हा गुंडाळायला लागली. गाठ तिच्या एका हाताने बसेना. मी पुढे झालो तर तिने हात मागे घेतला आणि दातांनी गाठ मारली.

"डोळे कुठे होते तुमचे?" ती म्हणाली.

सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, ऊन होतं.

खाच पुन्हा कापली. या वेळी मी मान वर केली नाही. आकडे बरोबर आले. पावसाची चिन्हं दिसायला लागली तेव्हा हातोडेवाला पिशव्या घेऊन गेला. जाताना त्याने सांगितलं की शीर आहे, पण लहान आहे. उशीसारखी, मध्ये फुगलेली आणि कडांना संपलेली. एकट्या हिच्यासाठी कोणी खाण काढणार नाही. पण अशा उशा एकेकट्या नसतात, पलीकडच्या डोंगरात बघावं लागेल. मेहुण्याने विचारलं, म्हणजे आम्ही गाद्या-उशांच्या दुकानात काम केलं म्हणायचं का? तो खूप हसला. बायको दारात उभी होती. त्याने तिला नमस्कार केला, तिने त्याला. त्यात काही नव्हतं. मी नीट बघत होतो.

पावसात मी पुन्हा माझ्या खोलीत गेलो. खाट काढून टाकली, तरी खोलीला त्याच्या तंबाखूचा वास येत राहिला. बायको आणि मेहुणा उघडीप पडली की शेताच्या पायऱ्यांवरचे दगड उचलून बांध रचायचे. ती एकेक दगड टाकण्याआधी जराशी थबकायची. मला वाटायचं, आता चाटेल. चाटायची नाही. नुसती बघायची आणि टाकून द्यायची. पाऊस संपता संपता ते पत्र आलं.

मी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. मनात बरीच लिहिली. घरची अडचण असल्याने जमणार नाही. तिची प्रकृती बरी नसते. बांधाचं काम अर्धवट आहे. प्रत्येकात थोडं खरं होतं, म्हणून प्रत्येक लिहायला सोपं होतं, आणि पेन हातात घेतलं की तेच मला अडवायचं. टपालवाला जाता-येता विचारायचा, मास्तर, काही द्यायचंय का? मी मान हलवायचो. मेहुणा रोज संध्याकाळी ओसरीवर टेकायचा आणि म्हणायचा, "काय भाऊजी, उत्तर अजून चरातच आहे का? पाहिजे तर टिकाव देतो." बायको ऐकायची आणि आत निघून जायची. तिने एकदाही विचारलं नाही. तिच्या न विचारण्याने घर भरून गेलं होतं.

एका सकाळी ती पाटी न घेता वर गेली. खुरटलेल्या जागेकडे जाते आहे हे मला वाटेवरून कळलं. माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते. तो आला असेल, परस्पर, कोणाला न कळवता. गुडघे दाबत, मुळ्या धरत मी मागे गेलो. चर पावसाने निम्मे भरले होते, त्यांच्या कडांवर नेचे उगवले होते. मी झाडाआड थांबलो. धाप आवरण्यासाठी तोंडावर हात धरला.

तिथे कोणी नव्हतं. ती एकटी चरात उकिडवी बसली होती. एका दगडाने दुसरा दगड फोडत होती. ढलपी निघाली की पदराला पुसायची, चाटायची, उन्हाकडे धरायची, आणि बघायची. बघताना तिचं तोंड जरा उघडं राहायचं. असं तिला मी कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरात बघण्यासारखं तिच्यापुढे काय आलं होतं? मी तिथे उभा होतो आणि माझा जळफळाट कमी व्हायच्या ऐवजी वाढला. माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं, निदान त्याच्या तुटक्या दाताला नावं ठेवता आली असती. दगडाला काय म्हणायचं?

फांदी मोडली आणि तिने मागे बघितलं. दचकली नाही.

"आलात?" म्हणाली. "बसा. गुडघे दुखतील."

मी चराच्या कडेला बसलो. तिने हातातली ढलपी माझ्यापुढे धरली. ओली होती, तिच्याच तोंडातली. मी घेतली. कोरडी होईपर्यंत मी नुसती धरून बसलो, मग तिने नजरेनेच सांगितलं, आणि मी ती चाटली. मातीची चव, त्यामागे काहीतरी कडवट, हातात नाणं फार वेळ धरल्यावर बोटांना येते तशी. उन्हाकडे धरली. मला पांढरं दिसलं, ओलं दिसलं, आणि काही चमकलं, पण ते काय होतं ते सांगता आलं नाही.

मी विचारलं की तिथे, पलीकडच्या डोंगरात, ती नक्की काय करणार. तिने सांगितलं. कांड्या धुवायच्या, पेटीत लावायच्या, वरची वर आणि खालची खाली. सगळ्या लावून झाल्या की डोंगर आतून कसा आहे तो ओळीने समोर दिसतो म्हणे. बोलताना ती बोटाने मातीत पेट्या काढत होती.

"एवढंच?" मी म्हणालो.

तिचं बोट थांबलं.

"तुम्ही इतकी वर्षं पुस्तकात डोकं घालून बसलात," ती म्हणाली, "मी कधी आत येऊन विचारलं, एवढंच का म्हणून? मला काय वाटत असेल तेव्हा?"

ती पुढे म्हणाली की कितीतरी वेळा तिला वाटे, ते कपाट उचलून ओढ्यात लोटावं. मग ती हसली, आणि हसता हसता तिने नाक पुसलं, आणि नाकाला माती लागली. खाली उतरताना तिने माझा दंड धरला होता.

त्या दुपारी मी उत्तर लिहिलं. लिहायला फार वेळ लागला, पण लांबलचक झालं नाही.

बायकोने मला न विचारताच बोचकं बांधायला घेतलं होतं. मेहुण्याने बांधाचं काम आपल्यावर घेतलं, आणि मला स्वयंपाक शिकवायची धमकी दिली. निघायच्या दिवशी आम्ही दोघं नाक्यापर्यंत गेलो. टपालाची पेटी तिथेच, बस थांबते त्या खांबाला. टपालाची थैली त्याच बसने जाते, आणि मग शहरातून फिरून पलीकडे पोचते. म्हणजे ती माझ्या पत्राच्या किती तरी आधी पोचणार होती. हे मला पेटीपाशी पोचल्यावर सुचलं आणि मी थांबलो. मग आता हे टाकायचं कशाला? तिला तसं म्हणालो.

तिने बोचकं खाली ठेवलं. "वाचून दाखवा," म्हणाली.

पाकीट मी अजून चिकटवलं नव्हतं. नाक्यावर गर्दी नव्हती, तरी मी आवाज खाली आणला. "आपले पत्र पोचले. उत्तराला उशीर झाला त्याला कारण मी. तिला यायचे आहे म्हणून ती येत आहे. तिच्या तळहाताची कातडी अजून कच्ची आहे, पहिले काही दिवस पाण्यातले काम कमी द्यावे. ती तिथे येणार हे मला आवडलेले नाही. आपण आमच्याकडे होता तेव्हाही मला बरे वाटत नव्हते. यात आपली चूक काही नाही, पण आपल्याला ठाऊक असावे म्हणून लिहिले. नमस्कार."

वाचून झाल्यावर मी कागदाकडेच बघत राहिलो. वळणावर बसचा आवाज यायला लागला होता. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हे त्यांना कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला सांगायचं होतंत."

"आता सांगितलं," मी म्हणालो.

"हं." तिने बोचकं उचलून काखेत घेतलं, आणि थोडा वेळ माझ्याकडे नीट बघितलं, दगडाकडे बघते तसं, तोंड जरा उघडं ठेवून. बस येऊन थांबली. "मग आता टाका," ती म्हणाली, "काही खोडू नका."

ती चढली. मी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.